गाडीच्या मागच्या छोट्या काचेवर लूव्हर: घरी लावताना नुसत्या टेपवर भागेल का?

खटाराप्रेमी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक. मागच्या दाराच्याही मागे जी छोटी, न उघडणारी, जवळजवळ त्रिकोणी काच असते, तिच्यावर बाहेरून बसवायचे लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झाकणं, मागवले. दोन बाजूंचे दोन नग, एबीएस प्लास्टिकचे, मॅट काळे. प्रत्येकाला पाच उभट तिरक्या पट्ट्या, तोंड मागच्या बाजूला. उपयोग शून्य हे मला माहीत आहे, दिसायला आवडतात म्हणून घेतले. खोक्यात लूव्हर, त्यांच्या पाठीला आधीच लावलेला लाल पापुद्र्याचा डबल साइड टेप, स्पिरिटचा वास मारणारे दोन ओले कागद आणि एक सूचनापत्रक. त्यात चार चित्रं: पुसा, सोला, दाबा. चौथ्यात एक माणूस नुसताच हसतोय.

तर प्रश्न असे. नुसत्या टेपवर हे धरतील का? हायवेवर सुटून मागच्याच्या काचेवर गेला तर काय? कडेने सिलिकॉन मारून घेऊ का? आणि वाकडा चिकटला तर काढून सरळ करता येतो का? कारण माझ्या हातून भिंतीवरचं कॅलेंडरही वाकडं लागतं.

बायको म्हणते, गाडीच्या बरगड्या वर आल्यासारखं दिसेल. तिला खोटं पाडायचं आहे.

निवांत

बूड टेकवलं. वाचतोय.

दहा नंबरी पाना

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. तो टेप काचेला टेकला की टेकला. ओढून काढायला गेलात तर फोम मधोमध फाटतो, अर्धा काचेवर, अर्धा लूव्हरवर. मग नवा टेप आणा. म्हणून सगळी मेहनत पापुद्रा सोलायच्या आधी करायची.

स्वतःच्या दोन आणि मित्रांच्या तीन गाड्यांना लावलेत. प्रत्यक्ष चिकटवायला एक मिनिट लागतं. त्याआधी दीड तास.

पापुद्रा तसाच ठेवून लूव्हर काचेवर धरून बघा. आधी डावा-उजवा ओळखा, हसू नका, दोन्ही सारखेच दिसतात. मग चारी कोपरे एकाच वेळी टेकतात का ते बघा. एखादा कोपरा दोन-तीन मिलिमीटर हवेत राहत असेल तर हेअर ड्रायरने प्लास्टिक गरम करायचं, हाताने हलकेच वळवायचं आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. "टेप आहे की, दाबून बसेल" असं म्हणून सोडलंत तर तो कोपरा रात्रंदिवस स्वतःला सोडवून घेत राहतो, आणि एक दिवस सुटतो.

मनासारखी जागा मिळाली की लूव्हरच्या वरच्या आणि पुढच्या कडेला लागून गाडीवर मास्किंग टेप लावून खूण करा. दुसऱ्या बाजूची खूण नजरेने करू नका. दाराच्या रबरी बीडिंगपासून किती आणि छताच्या कडेपासून किती ते पट्टीने मोजून तिकडे उतरवा.

आता पुसणं. मुळात लूव्हर पडतात ते इथे. आधी साबणाच्या पाण्याने काच धुवा, वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्वच्छ कापडाने पुसा, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. कापड पालटून दोनदा, तीनदा. काचेवर कधी पाणी न टिकणारं कोटिंग, वॅक्स, पॉलिश मारलं असेल तर ते पूर्ण निघायलाच हवं, नाहीतर टेप काचेला नाही, वॅक्सला चिकटतो. खोक्यातले ते दोन कागद शेवटचा हात फिरवायला ठीक आहेत, सगळं काम त्यांच्यावर सोडू नका. आणि पुसून झाल्यावर बोट लावायचं नाही!

चिकटवताना पापुद्रा एकदम सगळा काढू नका. प्रत्येक टोकाला दोन बोटं सोला आणि ती शेपटी बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवा. लूव्हर खुणेला लावा, बरोबर बसलाय याची खात्री करा, मग एका हाताने धरून दुसऱ्या हाताने शेपट्या हळूहळू ओढा. पापुद्रा आतून सरसर निघून येतो आणि लूव्हर जागचा हलत नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली होती.

मग दाबा. टेपच्या सबंध लांबीवर, नखाचा रंग पांढरा पडेल इतकं, इंच-इंच करत. हा टेप दाबावर चालतो, वजनावर नाही.

दहा नंबरी पाना

आणि हो, राहिलं. अॅक्रिलिक फोम टेपची पकड लगेच पूर्ण येत नाही. साधारण हवेत २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्क्यांच्या आसपास, पूर्ण व्हायला ७२ तास. तोवर गाडी धुवायची नाही, हायवेला काढायची नाही. २१ ते ३८ अंश तापमान उत्तम. १० अंशांच्या खाली तर या कामाला हातच घालू नका, टेप कडक होऊन काचेच्या बारीक खाचांत उतरतच नाही. उलट उन्हात तापलेल्या काचेवरही नको, सावलीत गाडी लावा.

सावळागोंधळ

पानासाहेब, दंडवत. हे तीन वर्षांपूर्वी वाचलं असतं तर माझी काच वाचली असती.

मी टेपवर विश्वास नको म्हणून कोपऱ्यांत इन्स्टंट ग्लूचे चार थेंब सोडले होते. सेकंदात धरला. मी खूश. सकाळी बघतो तर लूव्हरच्या कडेने काचेवर आणि रंगावर पांढरी धूसर राख. तो ग्लू वाळताना त्याची वाफ आजूबाजूला बसते हे नंतर कळलं. वर हिवाळ्यात दोन कोपरे टकटक आवाज करत सुटले, कारण तो ग्लू वाळला की काचेइतकाच ठिसूळ होतो. उरलेले दोन सुटेनात. पातं घालून काढायला गेलो, पातं घसरलं, रंगावर बोटभर ओरखडा. तो अजून आहे. मुलगी त्याला "बाबांची सही" म्हणते.

उंटावरचा शहाणा

पाना यांच्याशी ९० टक्के सहमत, पण कडेने सिलिकॉनची बारीक रेघ मी मारणारच. टेपच्या फटीत पाणी आणि माती जात नाही. दोन वर्षं झाली, काही बिघडलं नाही.

भिंग

सिलिकॉनबद्दल वेगळं मत. लांबलचक आहे, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाला उडी मारा.

एबीएस तापलं की काचेच्या मानाने खूप जास्त पसरतं. मोटामोटी एक मीटर एबीएस दर अंशाला ०.०८ मिलिमीटर वाढतं, काच ०.००९. म्हणजे जवळजवळ नऊपट फरक. समजा लूव्हर ६० सेंटिमीटर लांब आहे आणि पहाटेपासून दुपारपर्यंत काळं प्लास्टिक ४० अंशांनी तापलं. लूव्हर १.९ मिलिमीटर वाढला, खालची काच ०.२. हा पावणेदोन मिलिमीटरचा फरक रोज जातो-येतो. फोम टेप जाड आणि लवचीक असतो, तो या हालचालीबरोबर तिरका होतो आणि परत येतो. सावळागोंधळ यांचा ग्लू तिरका होऊ शकत नव्हता, म्हणून तडकला. टकटक आवाज त्याचाच.

सिलिकॉन लवचीक असतं, मान्य. पण दोन गोष्टी. एक, ज्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन वाळताना अॅसेटिक अॅसिड सोडतं. काचेला त्याचं काही नाही, पण शेजारी उघडा पत्रा असेल, रंगाला आधीच टवका गेलेला असेल, तर गंजाला आमंत्रण. दोन, कडेने सगळीकडून बंद केलंत तर आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार? पाऊस कुठून ना कुठून आत जातोच. लूव्हरच्या टेपला खालच्या बाजूला मुद्दाम फट ठेवलेली असते ती त्यासाठी. खटाराप्रेमी, तुमच्या नगांना आहे का बघा.

उंटावरचा शहाणा

माझ्या सिलिकॉनला वास नव्हता. आणि खाली फट मीही ठेवली होती. म्हणजे मी नकळत बरोबर होतो.

निवांत

शहाणे लोक नकळतच बरोबर असतात 🙂

अबोली

सगळे चिकटवण्यावर तुटून पडलात. खटाराप्रेमी, गाडी चालवताना त्या छोट्या काचेतून तुम्ही काय बघता, याचा विचार केलाय का?

माझ्या भावाने त्याच्या गाडीला असेच लावलेत. मी एकदा ती गाडी तिरक्या पार्किंगमधून मागे घेत होते. मान वळवून बघितलं, कोणी नाही, आरशात कोणी नाही. गाडी हलवली आणि कडेने एक सायकल आली, अगदी हातभर अंतरावर. त्या बाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. काच मोकळी असती तर ती मला दोन सेकंद आधी दिसली असती, एवढं नक्की.

सजावट करा, पण दिसणं बंद करून नको.

दहा नंबरी पाना

अबोलीताई, तुमचा अनुभव खरा असणार, पण सरसकट असं नाही. यांच्या लूव्हरच्या पट्ट्यांचं तोंड मागे आहे. बाजूने बघणाऱ्याला पट्टीवर पट्टी चढलेली, सलग काळं दिसतं. पण चालक आतून तिरका मागे बघतो, म्हणजे पट्ट्यांच्या मधून, त्यांच्याच दिशेने बघतो. त्याला पट्ट्यांची नुसती धार दिसते, मधली फट मोकळी. मला आजवर अडचण आली नाही.

अबोली

पानादादा, तुमची उंची किती? आणि सीट किती मागे असते?

माझी पाच फूट एक इंच. मी स्टिअरिंगला चिकटून बसते. तुमची नजर ज्या कोनातून पट्ट्यांच्या मधून जाते, माझी त्या कोनातून जातच नाही. भावाला दिसतं, मला दिसत नाही, गाडी एकच. तुमच्या घरात गाडी आणखी कोण चालवतं?

दहा नंबरी पाना

...हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सहा फूट. आणि घरात गाडी मी एकटाच चालवतो.

निवांत

पानाने माघार घेतली! धागा वाचनखुणेत साठवलाय.

गॅरेजातली मांजर

मागे बसणाऱ्यांचंही बघा. ते आडवं बाहेर बघतात, त्यांच्यासमोर पट्ट्यांची पाठच येते. आमची आजी एकदाच बसली, म्हणाली तुरुंगाची गाडी आणलीस का.

बाकी काही फुटकळ सूचना. खिडकी वर-खाली होत असेल तर तिच्यावर लूव्हर नाहीच, फक्त पक्क्या काचेवर. काही गाड्यांत रेडिओची अँटेना या छोट्या काचेत तारांच्या रूपात असते. प्लास्टिकच्या लूव्हरने तिला फरक पडत नाही, अॅल्युमिनियमचा असेल तर रेडिओ खरखरायला लागू शकतो. कोणी "चार स्क्रू मारून टाक, टेपची कटकट नको" असा सल्ला दिला तर त्या माणसाशी संबंध तोडा. बाजूच्या काचा सहसा टफन केलेल्या असतात. ड्रिलचं टोक आत शिरलं की भोक पडत नाही, सगळी काच एका क्षणात शेंगदाण्याएवढे तुकडे होऊन मांडीवर येते.

आणि आपापल्या ठिकाणचा नियम बघून घ्या. काच किती झाकायची याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. तपासणीच्या दिवशी काढायची वेळ आली तर तो टेप काढणं हा स्वतंत्र धागा आहे.

जुनापुराणा

अवांतर करतो, रागावू नका.

गंमत अशी की लूव्हर मुळात सजावट नव्हतेच. १९६५ च्या फोर्ड मस्टँग फास्टबॅक गाडीला मागच्या खांबावर, नेमक्या याच जागी, खरेखुरे लूव्हर होते. गाडीतली कोंदट हवा त्यातून बाहेर जायची. १९६६ साली त्याच मस्टँगवरून शेल्बी जीटी३५० बनवताना ते लूव्हर काढून तिथे प्लेक्सिग्लासची खिडकी बसवली. म्हणजे त्या लोकांनी लूव्हर काढून खिडकी लावली आणि आपण खिडकीवर लूव्हर लावतोय. त्याच मस्टँगच्या हल्लीच्या मॉडेलांना लोक खिडकीवर खोटे लूव्हर चिकटवतात ते साठच्या दशकासारखं दिसावं म्हणून!

मागच्या मोठ्या काचेचं वेगळं. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराला सीटच्या मागे आडवं बसवलेलं बारा सिलिंडरचं इंजिन. त्यावर सलग काच टाकली असती तर भट्टीच झाली असती, म्हणून काळ्या पट्ट्या. उष्णता वर निघून जायची आणि आरशातून पट्ट्यांमधून मागचं थोडंफार दिसायचं. १९६९ ला मस्टँग बॉस ३०२ ला मागच्या काचेवरच्या पट्ट्या मिळू लागल्या आणि मग सगळ्यांनाच त्याचं वेड लागलं. १९८१ च्या डेलोरियनला तर त्या कारखान्यातूनच. उतरत्या काचेवर त्यांना अर्थ आहे: वरून येणारं ऊन अडतं, आरशातली नजर पट्टीला समांतर जाते. हॅचबॅकच्या उभ्या काचेला हे गणित लागू होत नाही.

चिमटा

"लूव्हर" ऐवजी मराठी शब्द वापरता येईल का? जुन्या लाकडी खिडक्यांच्या तिरक्या पट्ट्यांना झिलमिली म्हणायचे.

जुनापुराणा

झिलमिली! किती वर्षांनी ऐकला. इंग्रजी शब्दाचं मूळही खिडकीत नाही बरं का. मध्ययुगात युरोपातल्या मोठ्या घरांच्या छपरावर धूर जायला जो कडेने उघडा मनोरा असायचा, त्याला लूव्हर म्हणत.

निवांत

म्हणजे खटाराप्रेमी गाडीला धुराडं लावतायत. नऊ वर्षांच्या गाडीला शोभेलसं.

वळणदार

तो "सुटून मागच्याच्या काचेवर गेला तर" हा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला. माझा गेला आहे, म्हणून लिहितो.

मी घरी लावला नाही, लावून घेतला. ज्यांनी लावला त्यांनी कडेभर टेप न लावता कोपऱ्यांत चार तुकडे लावले, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन महिने ठीक. मग ताशी ८० च्या वर गेलं की बारीक शीळ ऐकू यायला लागली. मला वाटलं दाराचं रबर. रबर बदललं, शीळ तशीच. महिनाभर मी गाडीत शीळ कुठून येते ते शोधत होतो, बायकोला काचेला कान लावून बसवलं होतं. एके दिवशी शीळ बंद झाली. मी म्हटलं, चला, गेली. घरी आल्यावर बघतो तर लूव्हरच गेलेला.

मागे कोणी नव्हतं, नशीब. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याने परत जाऊन पाहिलं, मिळाला नाही.

भिंग

वळणदार, तुमची शीळ म्हणजे पुढची कड उचलली गेल्याची खूण होती. हा टेप सरळ खेचायला किंवा सरकवायला प्रचंड दाद देत नाही, पण एका टोकापासून सोलायला घेतलं की हार मानतो. बँडेज काढतो तसं. पुढच्या कडेखाली वारा शिरला की तो नेमकं तेच करतो. म्हणून पुढच्या कडेला टेप एकही फट न सोडता, अगदी टोकापर्यंत. बाकी ठिकाणी थोडं इकडेतिकडे चालेल.

आठवड्यातून एकदा गाडी पुसताना पुढच्या कडेखाली नख घालून बघायचं. नख शिरलं तर त्याच दिवशी काढायचा.

वळणदार

बायकोला सांगतो शीळ सापडली म्हणून. चार वर्षांनी.

गॅरेजातली मांजर

काढायची पद्धत कोणी विचारली नाही, पण सावळागोंधळ यांचा ओरखडा वाचून राहवत नाही. पातं नको. हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं, वीतभर अंतरावरून, सतत हलवत. हीट गन नकोच, गारठलेल्या काचेवर एकाच जागी झोत धरला तर काच तडकू शकते. टेप मऊ झाला की मासे धरायची दोरी नाहीतर दात साफ करायचा धागा लूव्हरच्या मागे घालायचा आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा ओढायचा. फोम मधून कापला जातो, लूव्हर अलगद हातात. काचेवर उरलेला थर अंगठ्याने घोळत घोळत निघतो, सुपारीएवढ्या गोळ्या होतात. भयंकर समाधान देणारं काम आहे. शेवटचा चिकटपणा अल्कोहोलने.

सावळागोंधळ

दात साफ करायचा धागा. आणि मी पातं घातलं. 🤦

खटाराप्रेमी

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भिंगसाहेब, होय, खालच्या बाजूला टेपमध्ये बोटभर फट आहे, मला वाटलं त्यांनी कंजुषी केली. सिलिकॉन रद्द.

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून हौस अर्धी झाली. बायकोही गाडी चालवते, तिची उंची तुमच्याएवढीच. आता काय करू? खोकं टेबलावर पडून आहे.

अबोली

हौस कशाला मोडताय. चिकटवायच्या आधी तपासून बघा. गाडी उभी असताना लूव्हर मास्किंग टेपने तात्पुरता लावा, तुम्ही बसून बघा, मग त्यांना बसवून बघा. कोणीतरी सायकल घेऊन गाडीच्या मागून तिरकं चालत यायचं आणि तुम्ही सांगायचं कधी दिसली. मास्किंग टेपवर गाडी चालवू मात्र नका, उडेल. चालवून बघायचं असेल तर आतून काचेला त्याच मापाचा पुठ्ठा लावा आणि आठवडाभर रोजच्या रस्त्याने फिरा. पुठ्ठ्यातून तर काहीच दिसत नाही, म्हणजे परीक्षा जास्त कडक. कुठे कुठे मान वळवून तिकडे बघता आणि पुठ्ठा आडवा येतो ते मोजा.

दहा नंबरी पाना

याला म्हणतात सल्ला. मी पाच गाड्या केल्या, एकदाही सुचलं नाही.

उंटावरचा शहाणा

गोल आरसे चिकटवा ना बाहेरच्या आरशांच्या कोपऱ्यात, छोटे बहिर्गोल. प्रश्न मिटला.

अबोली

त्यात सगळं लांब आहे असं वाटतं. मदतीला ठीक, मान वळवण्याऐवजी नको.

खटाराप्रेमी

दहा दिवसांनी परत आलो. पुठ्ठा लावून आठवडाभर फिरलो. शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं काच फुटली का.

मजा अशी झाली की मी वहीत रेघा मारत होतो. माझ्या बाजूच्या छोट्या काचेकडे आठवड्यात एकदाही नजर गेली नाही. सीटवरून ती माझ्या खांद्याच्या इतकी मागे येते की मान तेवढी वळतच नाही, त्या बाजूला मी दाराची काच आणि आरसा यांवरच चालवतो. पण समोरच्या, म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूच्या काचेकडे एकोणीस वेळा बघितलं. लेन बदलताना, तिरकं मागे घेताना, फाट्यावरून मुख्य रस्त्याला लागताना. एकोणीस वेळा पुठ्ठा दिसला. बायकोने दोन दिवस चालवली, तिचंही तेच, वर तिने पुठ्ठ्यावर पेनने डोळे काढून ठेवले.

मग सायकलची परीक्षा. पुठ्ठा काढून लूव्हर लावला, मुलाला सायकल घेऊन पाठवलं. त्या बाजूला मला तो पट्ट्यांमधून दिसला, तुकड्यातुकड्यांत का होईना. बायकोला तो मागच्या दाराशी येईपर्यंत दिसला नाही.

अबोली

हुश्श. म्हणजे रद्द?

खटाराप्रेमी

अर्धं रद्द. 😬

चालकाच्या बाजूचा लावला. काल. पानासाहेबांच्या पद्धतीने: धुतलं, तीनदा पुसलं, मास्किंग टेपची खूण, शेपट्या दुमडल्या. शेपटी ओढताना ती मधेच तुटली, घाम फुटला. मग चिमट्याने आतलं टोक पकडून काढलं. पुढची कड टोकापर्यंत दाबली, अंगठा अजून दुखतोय. मागचा कोपरा दीड मिलिमीटर खाली गेलाय, पण ते फक्त मला दिसतं. आता ७२ तास गाडी जागची हलवायची नाही, कामाला बसने जातोय.

चिमटा

एकाच बाजूला? एका कानात डूल घातल्यासारखं?

निवांत

गाडीच्या एकाच बाजूच्या बरगड्या निघाल्या.

जुनापुराणा

एका वेळी गाडीची एकच बाजू दिसते. मला तर यात काही चूक वाटत नाही.

गॅरेजातली मांजर

वहिनी काय म्हणाल्या?

खटाराप्रेमी

तिने अजून पाहिलेला नाही. गाडीची ती बाजू भिंतीकडे आहे, आणि सोमवारपर्यंत गाडी हलणार नाही.

दहा नंबरी पाना

दीड मिलिमीटर चालतं. माझ्या पहिल्याला पाच होता. उरलेल्या नगाचं काय करणार? टेप न सोलता, मूळ खोक्यात, उन्हापासून लांब ठेवा. कधीतरी पहिल्याची पट्टी मोडेलच, ऐनवेळी टेपचा नमुना तरी हाताशी राहील.

वळणदार

थांबा थांबा. उरलेला नग शेजारच्या सीटच्या बाजूचा आहे ना? माझा उडाला तो त्याच बाजूचा. गाडी कुठली तुमची? निरोप पाठवलाय.

अबोली

वळणदार, आधी पुठ्ठा!